सहा मिनिटं मागे असलेलं लग्न

पलूसला बदली झाली आणि मी खोली बघायला सुभेदारांच्या घरी गेलो, तेव्हा एप्रिलचं ऊन नुसतं भाजून काढत होतं. सुभेदार बनियनवर, घामाघूम होऊन खुर्चीत बसले होते. घरात टेबलफॅन होता. चालूही होता. पण त्याचं तोंड सुभेदारांकडे नव्हतं. जमिनीवर उभ्या केलेल्या कॉम्प्युटरच्या एका जुनाट डब्याकडे होतं. डब्याचा एका बाजूचा पत्रा काढलेला, आतली आतडी बाहेर दिसतायत, आणि त्यावर हा वारा सुरू. मी दारातच थबकलो.

"त्याला गरमी सोसत न्हाई," सुभेदार म्हणाले. "आपलं काय, आपुन वाळवंटात दिस काडल्याली माणसं."

मग मला नीट न्याहाळून त्यांनी विचारलं, "नोकरी?"

"वीज कंपनीत. बिलांच्या टेबलावर."

त्यांनी हात कानामागे धरला. मी ओरडून सांगितलं. वीज हा शब्द कळताच ते उठले, कपाटातून लांबट रजिस्टर काढलं आणि माझ्यापुढे उघडं केलं. त्यात मागच्या कितीतरी महिन्यांत लाईट कधी गेली आणि कधी आली, मिनिटासकट लिहिलेलं होतं. लाल शाईनं गेलेली, निळ्या शाईनं आलेली. मी जन्मात खांबाला हात लावलेला नाही. पण त्या क्षणापासून पलूस तालुक्यातली प्रत्येक गेलेली लाईट माझ्या नावावर जमा झाली. "सायेब, दुपारी दोन बावीसला नेलीसा, ते तीन पाचला आणून दिली. काय कारण?" असं ते जेवणाच्या ताटावरही विचारायचे.

सुभेदार लष्करात सिग्नलला होते. पंचवीस वर्षं तारा ओढल्या, तारा जोडल्या, कानाला हेडफोन लावून बसले. एक कान तोफेच्या आवाजानं गेला आणि दुसरा, ते म्हणायचे तसं, "पयल्याच्या दुःखानं" गेला. कानाचं यंत्र त्यांना सरकारनं दिलं होतं. ते त्यांनी खोलून बघितलं, आतलं सगळं समजून घेतलं आणि परत डबीत ठेवून दिलं. लग्न केलेलं नाही, मूलबाळ नाही. टाकून दिलेली वस्तू मात्र त्यांना बघवायची नाही. रेडिओ, मिक्सर, सायकलचा दिवा, जे मिळेल ते घरी आणून उघडायचे. कुणी म्हणालं, की हे मेलंय आता, की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं. "लाइन मरत नसती. डाऊन असती."

कॉम्प्युटर असाच आणलेला. बसस्टँडजवळचं नेट कॅफे बंद पडलं तेव्हा मालक सगळं सामान भंगारात घालत होता, त्यातला एक डबा सुभेदारांनी उचलला. पडदा नव्हताच. मग त्यांनी डब्याच्या मागची निळी वायर टीव्हीला जोडली. वायरीचे स्क्रू हरवलेले, म्हणून सायकलच्या ट्यूबच्या चकत्या कापून तिला आवळलेलं. वायर जरा हलली की टीव्हीवरची माणसं गुलाबी व्हायची, अजून हलली की हिरवी. आवाजाची तार केव्हाच गेली होती. पण ज्याला ऐकूच येत नाही त्याला आवाज हवा कशाला, म्हणून ती त्यांनी दुरुस्त केली नाही. त्यामुळे त्या घरात टीव्ही कायम मुका असायचा. मला सुरुवातीला हे सगळं विचित्रच वाटलं. हातातल्या मोबाईलवर जे दिसतं ते बघायला एवढा संसार कशाला? एकदा तसं ओरडून विचारलंही.

"मोबाईलवर माणूस बोटाएवडा दिसतो," ते म्हणाले. "मला माणूस माणसाएवडा बगायचाय."

त्या डब्यात नवीन काहीही चालत नव्हतं. त्यात कुठलीतरी फुकटातली हलकी सिस्टीम घातली होती, म्हणून तो निदान उठून बसत होता. ती घातली होती त्यांच्या पुतणीनं. तिच्याकडे मी येतोच, पण त्याआधी कुस्तीचं सांगायला हवं, कारण त्या घरातला माझा पहिला अपमान कुस्तीवरून झाला.

आमच्याकडच्या जत्रांतली मैदानं आता थेट इंटरनेटवर दिसतात. सुभेदार एकही मैदान सोडत नसत. फॅन लावून, वायर आवळून, समोर मांडी घालून बसायचे. पण तो डबा बिचारा दमायचा. मध्येच चित्र गोठायचं, एक गोल फिरत राहायचा, आणि पुन्हा सुरू झालं की थांबलं होतं तिथूनच सुरू व्हायचं. म्हणजे मैदान पुढे गेलेलं आणि सुभेदार मागे. त्या दिवशी मुख्य कुस्ती चालली होती. माझ्या ऑफिसातला एकजण प्रत्यक्ष मैदानात होता, त्याचा मला फोन आला. मी उत्साहानं सुभेदारांच्या कानाशी जाऊन ओरडलो, "झाली चितपट! निळ्यानं मारली!"

टीव्हीवर दोघे पैलवान अजून हात मिळवत होते.

सुभेदारांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी दोन पावलं मागे सरकलो. ते उठले आणि टीव्ही बंद केला. तीन दिवस माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. चौथ्या दिवशी चहाचा कप पुढे ठेवत म्हणाले, "सायेब, टीव्हीवर दिसतंय ते होऊन गेल्यालं असतंय, ते मला बी ठावं हाय. पर बगनाऱ्याचं अजून व्हायचं असतंय. त्येला आदी सांगू न्हाई." मी कानाला खडा लावला.

आता भिंतीचं. सुभेदारांचं घर म्हणजे अर्धं घर. मूळ एकच स्लॅबचं घर, त्याच्या मधोमध विटांची भिंत घातलेली. पलीकडे त्यांचा धाकटा भाऊ, बायकामुलांसह. सुभेदारांचं दार मोठ्या रस्त्याला, भावाचं दार मागच्या बोळात. एका घरातून दुसऱ्या घरात जायचं तर अख्ख्या आळीला वळसा घालून तीन मिनिटं चालावं लागे. वाटणीच्या वेळी विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघांचं वाजलं. भाऊ म्हणाला, तुला काय, तू सडाफटिंग, तुला ऊस पिकवून कुणाला द्यायचाय. ते सुभेदारांच्या वर्मी लागलं. चार माणसांत उभं राहून त्यांनी शब्द टाकला, "तुज्या मांडवात माज्या हातची अक्षता पडनार न्हाई." आणि सुभेदारांचा शब्द म्हणजे रजिस्टरातली निळी शाई, त्यात खाडाखोड नाही. अकरा वर्षं दोघं भाऊ एका भिंतीच्या दोन बाजूंना राहिले, आणि एकमेकांचं नाव घेतलं नाही. भाऊ यांना 'सुभेदार' म्हणायचा, गावातल्या परक्या माणसानं म्हणावं तसं. हे त्याला 'पलीकडलं' म्हणायचे.

पण पुतणी यायची. ती लहानपणी यांच्याच खांद्यावर वाढली होती. मधली भिंत घातली तेव्हा ती शाळेत होती, आणि मोठ्यांचं भांडण तिनं स्वतःला कधी लागू करून घेतलं नाही. वळसा घालून यायची, हक्कानं डबे उघडायची, सुभेदारांना ओरडून दम द्यायची. त्यांना ती आप्पा म्हणायची. इस्लामपूरच्या कॉलेजात शिकली, तिथून येताना त्या कॉम्प्युटरसाठी काहीबाही घेऊन यायची. मी तिला एकदा म्हणालो, की अहो, नवीन का नाही घेऊन देत त्यांना?

"नवं घेतलं तर मला बोलवायचं कारन काय उरंल त्येंला?" ती हसून म्हणाली. मला तेव्हा कळलं, की तो डबा इतक्या वेळा बंद का पडतो.

तिचं लग्न ठरलं. मांडव दारातच घालायचा, मागच्या बोळात. बातमी ऐकली त्या आठवड्यात सुभेदारांनी तीन घड्याळं उघडली आणि एकही जोडलं नाही. पुतणीनं घरात हट्ट धरला, की लग्न लाइव्ह दिसलंच पाहिजे. तिचा भाऊ सैन्यात सरहद्दीवर, त्याला सुट्टी नव्हती, त्याच्यासाठी म्हणून बापानं कॅमेरावाला ठरवला. बापाला तेवढंच माहीत. आदल्या दिवशी ती हळदीच्या अंगानं वळसा घालून आली. कागदाची एक पुडी कॉम्प्युटरवर ठेवली. रंगवलेल्या जोंधळ्याच्या अक्षता होत्या.

"आप्पा, तुमी टाकल्याबिगर माजं लगीन लागलं असं मी धरनार न्हाई," ती त्यांच्या कानाशी म्हणाली. रडत नव्हती, बजावत होती. सुभेदार तिच्या डोक्यावर हात ठेवून भिंतीकडे बघत राहिले. ती गेल्यावर मला म्हणाले, "उद्या सुट्टी टाका सायेब. वायर धराय मानूस लागंल."

मी हादरलोच. भिंतीपलीकडे सख्ख्या पुतणीचं लग्न, आणि हा माणूस ते टीव्हीवर बघणार! मला आमंत्रण होतं, मी कपडेही इस्त्री करून ठेवले होते. पण नाही म्हणता येईना.

दुसऱ्या दिवशी खोलीत गेलो तर अजून एक धक्का. सुभेदार पांढरा झब्बा, धोतर आणि डोक्याला भगवा फेटा बांधून टीव्हीसमोर उभे होते. पायात काही नव्हतं. चपला दाराबाहेर काढून ठेवल्या होत्या, मांडवात काढतात तशा. मी टीव्हीमागे जाऊन वायर धरून बसलो. मान वाकडी केली की मला पडदा दिसायचा. भिंतीपलीकडचा लाउडस्पीकर एवढा मोठा होता, की त्यातला शब्द न् शब्द ऐकू येत होता. समोर मुकं चित्र आणि भिंतीतून आवाज. चित्र आवाजाच्या मिनिटभर मागे. ऐकू यायचं, की नवरीला घेऊन या, आणि टीव्हीवर अजून नवरा पाटाकडे चाललेला असायचा. सुभेदारांना ती अडचण नव्हती. त्यांना फक्त चित्र होतं.

अंतरपाट धरला गेला. पहिलं मंगलाष्टक भिंतीपलीकडे संपलं, आणि मिनिटभरानं टीव्हीवर लोकांचे हात वर झाले. सुभेदारांनी पुडी उघडली, मूठ भरली आणि टीव्हीवर अक्षता टाकल्या.

"अहो सुभेदार!" मी ओरडलो. "तुमचा शब्द!"

त्यांना ओठांवरून कळलं. "ह्यो मांडव त्येचा न्हाई," ते म्हणाले. "टीवी माजा हाय."

पण जोंधळा टीव्हीवर आपटला आणि उडाला. एक दाणा थेट उघड्या डब्यात गेला. आतल्या छोट्या पंख्यातून कर्रर असा आवाज आला आणि चित्र गोठलं. अंतरपाटामागे मान खाली घातलेली पुतणी तशीच थांबली. सुभेदारांनी आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, मग पोटावर झोपून चिमट्यानं दाणा शोधायला लागले. घाम त्यांच्या फेट्यातून ओघळत होता. आणि भिंतीपलीकडे दुसरं झालं, तिसरं झालं. मला प्रत्येक शब्द ऐकू येत होता आणि त्यांना एकही नाही. चौथं झालं. त्यांना सांगावं का? सांगून काय होणार? दाणा निघाला, पंखा फिरला, गोल फिरला आणि पुतणीची मान हलली. दुसरं मंगलाष्टक सुरू झालं. टीव्हीवर.

त्याच वेळी भिंतीपलीकडे पाचवं, शेवटचं संपलं. टाळ्या, शिट्ट्या, आणि बँड असा कडाडला, की खिडकीची काच थरथरली. लग्न लागलं होतं.

सुभेदार टीव्हीकडे बघत उभे होते. एक हात त्यांनी भिंतीवर टेकवला होता, दमल्यामुळे असेल. दुसरं मंगलाष्टक पूर्ण बघितलं. अक्षता टाकल्या नाहीत. तिसरं सुरू झालं तेव्हा त्यांनी उरलेली पुडी झब्ब्याच्या खिशात घातली आणि दाराबाहेर जाऊन पायात चपला घातल्या.

"जाऊन येतो," ते म्हणाले. "वायर सोडू नका."

अकरा वर्षांनी हा माणूस त्या दाराकडे निघाला होता, आणि निघाला होता टीव्हीवर बघून! त्याला वाटतंय, अजून दोन मंगलाष्टकं आहेत. मी "अहो, ऐका" म्हणून उठेपर्यंत ते रस्त्याला लागले होते. उठताना वायर हलली आणि पुतणी हिरवी झाली. मी परत बसलो. तो तिथे पोचेल, मूठ भरून अक्षता घेऊन उभा राहील, आणि समोर जेवणाच्या पंगती बसलेल्या असतील. हे मला बघवणार नव्हतं. आणि बघितल्याशिवाय राहवणारही नव्हतं.

मी वायर धरून भिंतीला कान लावला.

बँड अचानक थांबला. मध्येच, सूर अर्धा टाकून. इतकी शांतता झाली, की बोळातल्या कुणाचं तरी मूल रडलेलं ऐकू आलं. मग माइकजवळ पुतणीचा आवाज आला. "आप्पा आलं!"

मग तिच्या बापाचा घोगरा आवाज. "गुर्जी, परत धरा."

"अहो, काय परत?" गुरुजी. "लागलं की लग्न!"

"परत म्हना म्हनतोय न्हवं! त्येला ऐकू येत न्हाई. त्येला काय कळनार हाय? धरा पाट!"

आणि लाउडस्पीकरवर शेवटचं मंगलाष्टक पुन्हा सुरू झालं. एका मुहूर्ताला एका नवरीचं लग्न दुसऱ्यांदा लागत होतं, आणि अख्खा मांडव गप्प उभा होता.

मला ते दिसायला अजून सहा मिनिटं होती. तेवढा वेळ मी वायर धरून, मान वाकडी करून मुका पडदा बघत बसलो. टीव्हीवर लग्न पहिल्यांदा लागलं, हार पडले, लोक हसले, बँडवाल्यांचे गाल फुगले. मग पुतणीनं मांडवाच्या दाराकडे बघितलं. तिचा हात गळ्याकडे गेला. तिनं झटक्यात स्वतःचा हार काढला, मैत्रिणीच्या हातात कोंबला, आणि नवऱ्याच्या गळ्यातलाही ओढून काढला. तो बिचारा खुळ्यासारखा बघत राहिला. तिच्या बापानं अंतरपाटाचं एक टोक स्वतः धरलं. कॅमेरा दाराकडे वळला. फेटा बांधलेले सुभेदार मांडवाच्या दारात उभे होते, ताठ, चपला काढून, मूठ मिटलेली. गुरुजींचे ओठ हलायला लागले. मूठ किती वेळ उघडलीच नाही. मग उघडली. मला पुढचं नीट दिसलं नाही. वायर हललेली नव्हती, डोळे भरून आले होते.

सुभेदार जेवून आले. मला म्हणाले, "जावा, तुमी बी जेवून या. जिलेबी बरी हाय." एवढंच.

संध्याकाळी त्यांचा भाऊ मला रस्त्यात गाठायला आला. माझ्याशी तो पहिल्यांदाच बोलत होता. "सायेब, ते लग्नाचं रेकॉर्डिंग ऱ्हातंय म्हनं इंटरनेटवर. त्यो परत परत बगत बसंल. कॅमेरावाल्याला सांगितलंय मी, पयलं लागल्यालं काडून टाक म्हनून. तुमी बी काय बोलू नका." मी मान हलवली. गावात कुणीच बोललं नाही. एवढ्या मोठ्या मांडवात शे-दोनशे तोंडं होती, एकही सुटलं नाही. मला अजून खरं वाटत नाही.

सुभेदारांनी ते रेकॉर्डिंग खरंच वारंवार बघितलं. एका दुपारी मीही शेजारी बसलो होतो. अंतरपाट, मान खाली घातलेली पुतणी, दारात फेटा. सुरेख कापलं होतं, सांधा कुठे कळत नव्हता.

"सायेब," सुभेदार पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "मशीन सा मिन्टं मागं हुती त्या दिवशी."

मी उगाच उठून वायर आवळली.

"मी रजिस्टरात लिवून ठेवलंय. आन् भित्तीला हात लावला की ब्यांड कळतो. भित थरथरली, तवाच कळलं लगीन लागलं त्ये." त्यांनी सावकाश पाणी प्यायलं. "म्हटलं, अक्षता पडल्या, शब्द ऱ्हायला. आता नुसतं पोरीचं तोंड बगावं आन् माघारी यावं. तेवड्यासाठीच गेलतो."

"मग?" मला ओरडायचंही सुचेना. पण त्यांना कळलं.

"पोरीनं हार काडला. आन् पलीकडल्यानं पाट धरला. सोताच्या हातानं." त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "त्येनं एवडं केलं माज्यासाठी, मग मी काय शब्दाला मिठी मारून बसू? टाकली."

"पण मग त्यांना सांगितलं का नाहीत?"

"कशाला? त्येंला वाटतंय मला फशिवलं. तेवडं समाधान असू दे की." मग त्यांनी माझ्याकडे बोट रोखलं. "तुमी बी कुनाला बोलायचं न्हाई."

दोन बाजूंनी एकच गोष्ट लपवायची, आणि मध्ये मी.

वर्षभरानं माझी बदली झाली. सामान टेम्पोत चढवत होतो, तेव्हा भाऊ आळीला वळसा घालून आला. हातात गुळाची ढेप होती, ती मला दिली. इकडचं तिकडचं बोलला, पाऊस, कारखान्याची ऊसतोड. मग सुभेदारांच्या दाराकडे एकदा बघितलं आणि आवाज खाली आणला.

"सायेब, दादाला अजून कळलं न्हाई न्हवं?"

"नाही," मी म्हणालो. "अजिबात नाही."